सासरहून घालवलेल्या मुलीला ‘उदासीन रुग्ण’ लिहिल्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
प्राथमिक आरोग्य केंद्र, मोहबोडी,
जि. गडचिरोली.

अर्जदार : धुरपता लहानू रामटेके, अंगणवाडी मदतनीस, रा. ऐनटोला.

विषय : मुलगी दिव्यानी हिच्या क्षयरोग नोंदीतील शेरा दुरुस्त करून मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या नोंदवहीतील शेरा, “उपचार सोडला. कारण : रुग्णाची उदासीनता.”

महोदय,

सविनय सादर करते की,

१. माझी मुलगी दिव्यानी, वय बावीस, पांढरटोल्यातील प्रणित यांना दिली आहे. गेल्या डिसेंबरात आपल्याच केंद्रात तिला क्षयरोग निघाला व गोळ्या सुरू झाल्या. बाराव्या दिवशी सासऱ्यांनी तिला ताट, पेला व अंथरुणासह माझ्या दारात उतरवले. “बरी झाली का सांगजा, मंग पाहू,” एवढेच बोलले. गोळ्या सासरीच राहिल्या. मी मागायला गेले, तर विहीणबाईंनी त्या उकिरड्यावर टाकल्या होत्या. रोग्याची वस्तू घरात ठेवू नये, असा त्यांचा आरोग्याचा नियम आहे.

२. दुसऱ्याच दिवशी आम्ही आपल्याकडे आलो. पत्ता पांढरटोल्याचा, तेव्हा गोळ्या पांढरटोल्यातच मिळतील. पत्ता बदलायचा तर नवऱ्याची सही आणा, असे सांगण्यात आले. नवरा फोन उचलत नव्हता. एकोणीस दिवसांत आम्ही चार खेपा केल्या. बस फाट्यापर्यंतच येते. पुढच्या पाच किलोमीटरांत दिव्यानी धाप लागून दर वेळी रस्त्यात बसायची, पुन्हा उठायची. इतकी उदासीन रुग्ण आपल्याही पाहण्यात क्वचितच आली असेल.

३. अखेर आमच्या गावच्या परिचारिका ज्योत्स्नाताई म्हणाल्या, “सही-बिही मंग पाहू, पहिले पोरीले गोळी देऊ.” सहा महिने एकही गोळी चुकली नाही. थुंकीत आता जंतू नाहीत.

४. दरम्यान पांढरटोल्यात एकही रुग्ण उरला नाही, म्हणून मार्चमध्ये त्या गावाला क्षयमुक्तीचे मानपत्र मिळाले. गावसमितीच्या वतीने ते आपल्या हस्ते दिव्यानीच्या सासऱ्यांनीच स्वीकारले. रोगी घालवून रोग घालवण्याची ही पद्धत झटपट आहे व हिला औषधही लागत नाही, हे मी मान्य करते.

५. दिव्यानीला नर्सिंगला प्रवेश मिळाला आहे. बरी झाल्याचा दाखला सोमवारपर्यंत द्यायचा आहे. ज्योत्स्नाताई दाखला भरायला घेतात, तर संगणकात आपला शेरा आडवा येतो. “सोडलेल्या रुग्णाले बरी कशी लिहू?” असे आपले लिपिक म्हणाले. परवा सासरेही येऊन गेले. दाखला असल्यास सून घेऊन जातो, म्हणाले. दिव्यानी म्हणाली, “दाखला येईन, मामाजी. मी नाई येत.”

६. आपल्या छापील यादीत उपचार सुटण्याची सोळा कारणे आहेत. त्यात दारू आहे, स्थलांतर आहे, अज्ञान आहे, अंतर आहे. ‘सासर’ नाही. म्हणून जवळचे कारण निवडले गेले असावे. तरी यादीत सतरावे कारण घालावे आणि ते होईपर्यंत न थांबता माझ्या मुलीचा शेरा आजच खोडावा, ही विनंती.

आपल्या सहीसाठी थांबलेली,
धुरपता लहानू रामटेके
शुक्रवार, दि. १ ऑगस्ट २०२५

सोबत :
१. थुंकी तपासणीचे दोन अहवाल.
२. गोळ्यांची रिकामी पाकिटे, एक पिशवी.
३. दिव्यानी स्वतः. बाहेर बाकावर बसली आहे. बरी की सोडलेली, ते आपण डोळ्यांनी पाहून लिहावे.