नणंदेशी उलटा लिलाव

३ मार्च
पुन्हा टेंडर! रुग्णालयांची ती अपॉइंटमेंटची सिस्टीम इतकी वर्षं आम्ही सांभाळतोय, आणि आज मेल — "खुल्या स्पर्धेतून निवड होईल." साहेब म्हणाले, "बाजार पडलाय. सगळे याच कामावर तुटून पडणार." मोठा शोध लावला! बाजाराच्या अंदाजाचा त्यांचा तक्ता दरवर्षी तोच असतो, फक्त बाण वळवतात.

काम गेलं तर माझी टीम बेंचवर. बेंच म्हणजे काम नाही, पगार आहे, आणि थोड्याच दिवसांत नारळ. टीममधला आजोबा सारखा येऊन विचारतोय, "काही कळलं?" चाळिशीचाच आहे तो, केस लवकर पिकले म्हणून हे नाव. घराचे हप्ते चालू आहेत त्याचे.

६ मार्च
समोर कोण ते कळलं. नणंदेची कंपनी! आणि बोलीचं काम तिच्याकडेच. आता काय बोलणार!

७ मार्च, शुक्रवार
दर शुक्रवारसारखी नणंद जेवायला आली. सासूबाईंनी आधीच बजावलं, "ताटावर ऑफिस नको. एक शब्द ऐकला तर दोघींना उठवीन." मग काय, आम्ही सोफ्याच्या कापडावर बोललो. जेवण संपेपर्यंत! नवरा मान खाली घालून जेवत होता.

जाताना म्हणाली, "वहिनी, दमलेली दिसतेस." ही काळजी, की खडा टाकून बघणं? तिचं साधं बोलणंही मला आता साधं वाटत नाही. चीड येते, माझीच.

१२ मार्च
साहेबांनी प्रस्तावातलं अनुभवाचं पानच काढून टाकलं. "कोण वाचतंय? भाव बोलतो." एवढी वर्षं गेली खड्ड्यात.

१९ मार्च
आज उलटा लिलाव. ऑनलाइन. यात भाव चढवायचा नसतो, उतरवायचा असतो. समोरच्याचा आकडा दिसत नाही, कोण कोण उरलंय आणि आपला क्रमांक तेवढा दिसतो. बाकीचे लवकर गळाले. उरलो आम्ही आणि नणंदेची कंपनी. आम्ही उतरलो — पहिले. लगेच दुसरे. पुन्हा उतरलो. साहेब खुर्चीमागे उभे — "अजून खाली! अजून!"

एका जागी थांबायला हवं होतं. त्याखाली काम तोट्यात, हे मला दिसत होतं. पण स्क्रीनवर "दुसरा" आलं की सोफ्याच्या कापडावर बोलणारा तो शांत चेहरा डोळ्यांपुढे यायचा! दाबत गेले बटण. शेवटी "पहिला" टिकलं.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. आजोबा सगळ्यांसाठी कॉफी घेऊन आला, कितीतरी दिवसांनी हसला. मी मात्र कॉफी बाजूला ठेवून पुन्हा हिशेब मांडला. या भावात काम करायचं कसं?

२१ मार्च, शुक्रवार
नणंद आली. टोमणा नाही, काही नाही. भांडी घासता घासता हळूच म्हणाली, "वहिनी, इतकं खाली का गेलीस गं? झेपेल का तुमच्या कंपनीला?"

"तूही उतरतच होतीस की!"

"मला वरून सांगितलं होतं. जिंकायचं नाही, त्यांना खाली ढकलत राहायचं."

बाहेरून सासूबाई — "ऐकू येतंय मला!"

जिंकायचंच नव्हतं? मग हवं काय होतं त्यांना?

६ मे
पगार उशिरा. साहेब फोन उचलत नाहीत. या भावात दुसरं काय होणार होतं!

१९ जून
आमची कंपनी विकली. कवडीमोलाने. घेणारी — नणंदेचीच कंपनी! हे हवं होतं त्यांना. आणि आम्ही बटण दाबून दाबून हातात दिलं. मी दिलं!

साहेब म्हणाले, "छोट्यांचे दिवस संपले, बाजाराचा कल बघा," आणि तोच तक्ता लावला. बाण या वेळी वर. मी उठून बाहेर आले. जिन्यात आजोबा. "आपलं काम तर राहील ना? आपण जिंकलो होतो ना?" मी हो म्हटलं.

२० जून, शुक्रवार
नणंदेचा फोन. आवाज बसलेला. "वहिनी, काम एक आणि टीम दोन झाल्या. एकच ठेवायची. तुझी की माझी, ते मी ठरवायचं म्हणतात." मग म्हणाली, "आज जेवायला येऊ ना गं?"