तीन सुतांची फट

कोल्हार,
बुधवार, सकाळ

प्रिय नृसिंह,

पाकिटावरचं अक्षर वैजनाथ कंडक्टरचं आहे. माझं असतं तर तू पाकीट न फोडताच उशीखाली सरकवलं असतंस, हे मला ठाऊक आहे. चौथीत माझ्याशी अबोला धरलास तेव्हा महिनाभर माझ्या हातचा पेरूसुद्धा खाल्ला नव्हतास. आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. पाकिटात तळाशी काहीतरी जड लागलं असेल, ते मात्र आत्ता काढू नकोस. दोन वर्षांत तू माझा फोन एकदाही उचलला नाहीस, पुढे मीही करायचा सोडला. पण रविवारी सकाळी दहाला तुझ्या शेडवर क्रेन येणार आहे, आणि त्याच्या आत तुला एक गोष्ट कळायला हवी. सकाळपासून तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा उठून शेडमध्ये जाऊन आलो. जहिरा म्हणते, घरात पाय ठरत नसेल तर अंगणातच खाट टाकून देते.

अनिमेषचा फोन दहा दिवसांपूर्वी आला. मुलगा गुणी आहे तुझा, अजून 'काका' म्हणूनच बोलतो. शिर्डीच्या एका हॉटेलवाल्याला आपली बोट हवी आहे, दारासमोर सिमेंटच्या चौथऱ्यावर बसवायला. डोलकाठीला रंगीत दिव्यांच्या माळा, मागच्या बाजूने लहान मुलांसाठी घसरगुंडी, आणि दर्शन करून आलेल्या मंडळींनी पुढे उभं राहून फोटो काढायचे. वाऱ्याने हलू नये म्हणून बुडाला सहा भोकं पाडून बोल्ट मारणार आहेत. हे सगळं सांगून झाल्यावर तो जरा घुटमळला आणि म्हणाला, बाबा म्हणाले, अजीजला विचारू नकोस, नुसतं कळव. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मग बराच वेळ रंध्याच्या पात्याला धार लावत बसलो, खरं तर त्याला धार होतीच.

विचारू नकोस, असं तू का म्हणालास ते मला समजतं. पण राग आला. नऊ वर्षांपूर्वी तू हर्णैला कुणाच्या तरी लग्नाला गेलास, तिथे कुणा परदेशी म्हाताऱ्याची शिडाची बोट बघितलीस, आणि परत आलास ते काखेत नकाशांची गुंडाळी घेऊनच. साखर कारखान्यात तीस वर्षं बॉयलरपुढे काढलेला माणूस, समुद्र आयुष्यात दोनदा बघितलेला. माझ्या दुकानात येऊन म्हणालास, तेवीस फुटांची आहे, आत दोन माणसं झोपतील, एक स्टोव्ह मावेल, कोकणचा किनारा धरून गोव्यापर्यंत जायचं, तू आणि मी. पंधरा दिवसांचं काम आहे म्हणालास. मी दारं करायचो, देव्हारे करायचो, उसाच्या ट्रॉल्यांना फळ्या ठोकायचो. मला पोहता येत नाही हेही तुला माहीत होतं. तरी मी हो म्हटलं, कारण तुझं तोंड तेव्हा सहलीला निघालेल्या पोरासारखं झालं होतं.

शेजारच्या कडूबाई पहिल्याच आठवड्यात कुंपणाला टेकून काय म्हणाल्या होत्या ते आठवतं ना? "आवं अजीजभाई, हितं प्रवरेला वरसातनं चारदा पानी सुटतंय, आन तुमी जहाज करताय व्हय?" तू हसलास, मी नाही हसलो. मला ते काम तेव्हाच आवडायला लागलं होतं. दाराला चार कोपरे असतात, चारी काटकोनात. या बोटीत एकही काटकोन नव्हता. प्रत्येक फळी वाकलेली, प्रत्येक सांधा तिरपा. तू पुस्तकातून नाळ, सुकाणू, डोलकाठी असे शब्द पाठ करून यायचास आणि मी मुद्दाम पुढचं टोक, शेपूट आणि खांब म्हणायचो, म्हणजे तू चिडशील. चाळीस वर्षांच्या सुतारकामात मला इतकी मजा कधी आली नाही.

तू पुण्याला गेल्यापासून बोट नुसती उभी राहिली, असं तुला वाटत असेल तर ते चूक आहे. किल्ली माझ्याकडेच राहिली, तू मागितली नाहीस आणि मी दिली नाही. पत्र्याला पश्चिमेकडून फट पडली आहे, तिथून दुपारचं ऊन नेमकं वॉर्निशवर येतं आणि त्याच्या पापड्या सुटतात. दोन उन्हाळे मी ते घासून पुन्हा लावलं. टेकूच्या लाकडांना वाळवी चढायला लागली, म्हणून चारी पाय जळक्या ऑईलच्या डब्यांत उभे केले. गेल्या पावसाळ्यात उंदरांनी शिडात घर केलं. ते घरी आणून जहिराने ड्रममध्ये बुडवून धुतलं, दोन दोऱ्यांवर वाळत घातलं आणि कुरतडलेल्या ठिकाणी स्वतः ठिगळ लावलं. बडबड चालूच होती, "सवतीचं धुनं बी म्या इतकं मन लावून धुतलं नसतं." गल्लीतली पोरं बघायला जमली होती. तू हवा होतास असं वाटलं आणि लगेच बरं झालं नव्हतास असंही वाटलं.

आत्ता पुन्हा जाऊन आलो. एक वाजून गेलाय. जेवण ताटात तसंच आहे.

आता त्या दिवसाचं लिहितो. दोन वर्षांपूर्वीचा मार्च. समुद्र घाटापलीकडे, बोट पाण्यात घालून बघायची सोय नाही, म्हणून पाणीच बोटीत घालायचं ही अक्कल तुझी. मला ती फार आवडली होती. कडूबाईंच्या बोअरचा पाइप आणला आणि आत फूटभर पाणी भरलं. रात्रभर ठेवलं. कुठे झिरपतंय का ते बघायला सकाळी कुणीतरी बुडाखाली जायला हवं होतं. तुझा गुडघा वाकत नव्हता. मी पोतं अंथरून बॅटरी घेऊन खाली आडवा सरकलो. तू वरून दर मिनिटाला विचारत होतास, काय रे, काय दिसतंय? तिसऱ्या फासळीच्या खाली, बुडाच्या मधोमध जाणाऱ्या कण्याला लागून, एक थेंब आला होता. तो पडत नव्हता, नुसता लटकला होता. मी खिशातला रुमाल काढला आणि तो पुसला. मग वर ओरडलो, कोरडं ठणठणीत.

तू शिट्टी वाजवलीस. त्याच दिवशी लोणीहून पेढे आणलेस आणि सगळ्या गल्लीत वाटताना सांगत सुटलास की अजीजचं माप आणि अजीजचा शब्द, दोन्हींत सुताचाही फरक पडत नाही. तो पेढा मी खाल्ला रे.

थेंब कुठून आला ते मला बघताक्षणी कळलं होतं. त्याच्या दोन वर्षं आधी तू लेकीच्या, निवेदिताच्या बाळंतपणाला गेला होतास तेव्हाची गोष्ट. कण्यालगतची फळी मी एकट्याने बसवली. मुंबईहून आणलेलं ते पाण्यातलं प्लाय, त्यातला शेवटचा मोठा तुकडा. मी तो तीन सूत आखूड कापला. तीन सूत म्हणजे करंगळीच्या नखाएवढी फट. टेपचं टोक झिजलंय असं मी स्वतःला कितीतरी दिवस समजावलं. मग एक दिवस टेप तपासली, ती बरोबर होती. कोपरगावला लग्नाला जायचं होतं, एसटी गाठायची होती, एवढंच कारण. तुला फोन करून सांगितलं असतं तर तू फार तर भोपळा म्हणाला असतास आणि नवं प्लाय मागवलं असतंस. पण पाच गावांत माझ्या मापाची ग्वाही तूच देत फिरायचास. मग मी तेच केलं जे आम्ही सगळे सुतार दाराच्या चौकटीला करतो. बारीक भुसा चाळला, पांढऱ्या गममध्ये कालवला, फट बुजवली, वाळल्यावर पॉलिश पेपर मारला. डोळ्याला दिसेना, बोटाला लागेना. तू आल्यावर त्याच्यावर आपण दोघांनी मिळून कापड आणि रेझिनचे थर चढवले. दाराला हा भुशाचा भराव तीस वर्षं टिकतो. दार पाण्यात बुडवून कुणी गोव्याला जात नाही, हे मला त्या दिवशी सुचलं नाही, किंवा सुचलं आणि मी ते बाजूला सारलं. पांढरा गम पाण्यात विरघळतो, हे मला माहीत होतं.

पेढ्यानंतर मी काय काय कारणं काढली ती तुला पाठ असतील. रंग अजून पक्का झाला नाही. ट्रकवाला बरा नाही. अमावास्या गेली की बघू. पाऊस तोंडावर आला. तू आधी हसलास, आणि मेच्या त्या दुपारी शेडमध्ये ओरडलास, "तुला पाण्याची भीती वाटते म्हणून माझी बोट अडवतोस, भित्रट कुठला." मी मान खाली घातली. तुला वाटलं खरं आहे म्हणून घातली. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं होतं. भित्रा म्हणवून घेणं मला झेपणार होतं. लबाड म्हटलं असतंस तर मी त्या शेडमधून बाहेर कसा पडलो असतो, माहीत नाही. आठवडाभराने तुझ्या छातीत कळ आली आणि अनिमेष तुला घेऊन गेला. डॉक्टर काहीही म्हणोत, ती कळ माझ्याच खात्यावर आहे असं मी धरून चाललो आहे. दवाखान्यात भेटायला आलो होतो. जिन्यावरूनच परत फिरलो.

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी जहिराने चहाचा कप पुढे ठेवला आणि म्हणाली, "सांगून टाका एकदाचं. लई तर काय, शिव्या देतील. देऊ द्या. पर आदी त्या बोटीचं नीट करा, मग तोंड उघडा." तिला सगळं माहीत होतं. तो रुमाल मी धुवायला टाकत नव्हतो, त्यावरून तिने खोदून खोदून काढून घेतलं होतं. त्याच दिवशी बूड उघडलं. वरचे थर घासून काढले आणि भुशापर्यंत पोचलो. ओल्या रव्यासारखा झाला होता, नख सहज आत गेलं. एका रात्रीच्या पाण्याने ही गत. समुद्रात तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती जागा उघडली असती. आत दोन माणसं झोपलेली असती, त्यातला एक तू.

हातभर लांबीची फळी कापून काढली. फासळीचा खालचा तुकडाही काळा पडला होता, तो बदलला. प्लाय मुंबईहूनच मागवलं, भाजीच्या टेम्पोतून आलं. चार वेळा मापलं, एकदा कापलं. रेझिन थंडीत लवकर धरत नाही, म्हणून खाली शेगडी ठेवून शेजारी बसून राहायचो. थरांवर थर, घासायचं, पुन्हा थर. होळीपर्यंत काम चाललं. माझ्या मनात होतं की पूर्ण झालं की पुण्याला येईन आणि तुझ्या पायाशी बसून सांगेन. रोज उद्यावर ढकललं. मग अनिमेषचा फोन आला.

चार वाजले. आत्ता पुन्हा शेडमध्ये जाऊन आलो, आजचा सहावा फेरा असेल. गेल्या रविवारी कडूबाईंच्या बोअरचा पाइप घेऊन बोटीत फूटभर पाणी भरलं आहे. आज चौथा दिवस. चार दिवस मी त्या बुडाखाली जाऊन येतोय.

नृसिंह, तिथे काय दिसतं ते मी लिहिणार नाही. माझ्या तोंडून एकदा ऐकलंस आणि पेढे वाटलेस, तेवढं पुरे झालं. आता पाकिटात जे जड लागलं ते काढ. शेडची किल्ली आहे. दुसरी किल्ली माझ्याकडे नाही. हे पत्र उद्या सकाळच्या पुण्याच्या गाडीने वैजनाथच्या हाती दिलं की मला आत जाता येणार नाही, आणि मला तेच हवं आहे, कारण माझ्या खिशात रुमाल असतो. शनिवारी ये. बुडाखाली दोन पोती अंथरून ठेवली आहेत, तुझ्या गुडघ्याखाली घ्यायला जहिराने जुनी उशी दिली आहे. तिसऱ्या फासळीखाली, कण्याला लागून, स्वतःचा हात फिरव. ओला निघाला तर बोट शिर्डीला जाऊ दे, बुडाची सहा भोकं मीच पाडून देईन. कोरडा निघाला तर रविवारी क्रेनवाल्याला परत पाठव आणि तुझ्या त्या ट्रकवाल्याला फोन कर. मी दारात ओट्यावर बसलेला असेन. तू हाक मारल्याशिवाय आत येणार नाही.

तुझाच,
अजीज