गुडघाभर खोल, दोरीसारखा सरळ

सोमवार, ६ ऑक्टोबर
पूर ओसरला, पण पाटाची पार वाट लावून गेला. माझ्या घरामागून ताईच्या शेतापर्यंतचा तुकडा तर दिसतच नाही, नुसता गाळ. गावच्या बैठकीत ठरलं, ज्याने त्याने आपल्या हद्दीतला पाट दुरुस्त करायचा. ताई एकटी, तिच्या हद्दीतला कोण करणार म्हटल्यावर सगळे छताकडे बघायला लागले. मी ताडकन उठून म्हणालो, मी आहे ना! टाळ्या पडल्या नाहीत, पण वातावरण तसं होतं.
पाटकरी रविवारी सकाळी पाणी सोडणार. ती पाळी हुकली की पाणी नदीपलीकडे जाणार, महिनाभर विसरायचं. ताईची विहीर गाळाने भरलीय. पुरातून वाचली ती फक्त टोमॅटोची रोपं, आणि तीही माना टाकायला लागलीत.
उद्या पहाटे पाचला सुरुवात. सौ. हसली. का, ते विचारलं नाही.

मंगळवार, सकाळी साडेनऊ
गजर वाजलाच नाही. सौ. म्हणते वाजला, मी त्याला सॉरी म्हणून बंद केला.
दोरी बांधली, खुंट्या ठोकल्या. जुना पाट वेडावाकडा होता. माझा फोटो फ्रेमिंगचा धंदा, मला वाकडं बघवत नाही. नवा पाट नाकासमोर सरळ.

मंगळवार, दुपार
सौ. बघून गेली. म्हणाली, खणताना मागून बादलीभर पाणी खेळतं का ठेवत नाही? इथे सगळे तसंच करतात. पाणी थांबलं की कळतं, पुढे उंच आहे. दरवर्षी मीही तसंच करायचो, हे मान्य. पण चिखलात कडा नीट येत नाहीत. त्यापेक्षा माझी पद्धत सोपी: सगळीकडे गुडघाभर खोल. खड्ड्यात उतरायचं, गुडघ्याला माती लागली की पुढे.

बुधवार
पाठ धरली. मेव्हण्याला मदतीला बोलावलं. तो आला, दोनदा चहा प्यायला, दोरीचं कौतुक केलं आणि गेला.
ताई आमच्या नळावरून बादल्या नेते. नळाला पाणी करंगळीएवढं. तिला म्हटलं, आता रविवारी नुसतं बघत बसायचं. ती म्हणाली, अरे, होईल ना नक्की? माझ्याकडे दुसरं काही उरलेलं नाही. उद्यापासून डबल शिफ्ट.

गुरुवार
पाठ.

शुक्रवार
आज डबल शिफ्ट खरंच केली. हाताला फोड. मधेच पुराने आणून टाकलेला गाळाचा मोठा उंचवटा लागला. वळसा घालता आला असता, पण दोरी सरळ होती. तोही गुडघाभर खणला. नियम म्हणजे नियम. सौ.ने विचारलं, उंचवट्यावर गुडघाभर आणि खालीही गुडघाभर, हे सारखं कसं? मी म्हटलं, गुडघा तोच आहे. ती चहा ठेवायला गेली. पटलं असावं.

शनिवार, संध्याकाळ
पाट पूर्ण! फ्रेम करून भिंतीवर लावावा असा. ताईच्या शेताच्या तोंडाशी उभा राहून फोटो काढला.
सौ. म्हणाली, एक बादली ओतून बघा तरी. मी म्हटलं, ताई थेंबाथेंबासाठी तडफडतेय आणि मी बादली मातीत ओतू? खरं कारण वेगळं आहे. ते इथेही लिहीत नाही.
जेवण गेलं नाही. भीती वाटतेय.

रविवार, सकाळ
पाणी आलं. घरामागून माझ्या पाटात असं देखणं वळलं की मेव्हणासुद्धा वा म्हणाला. ताई पलीकडे हात जोडून उभी.
उंचवट्यापाशी पाणी थांबलं. मी म्हटलं, जमीन तहानलेली आहे, पितेय. ते फुगायला लागलं. मी म्हटलं, जोर धरतंय. मग ते शांतपणे मागे फिरलं आणि आमच्या स्वयंपाकघरात शिरलं. मी उंचवट्यावर आडवा पडून हाताने माती उपसायला लागलो. जेवढी उपसली तेवढी कडेची आत ढासळली. पाटकरी ओरडत गेला, पाटाचं दार पाडलं आणि पाणी नदीपलीकडे सोडलं. त्याचाही इलाज नव्हता. मी तिथेच बसून रडलो. कोणी पाहिलं नाही. सौ.ने पाहिलं.

रविवार, दुपार
ताई घरी आली. वाटलं, आता माझं काही खरं नाही. ती सरळ आत गेली. खुंटीवरची बादली काढली, आमच्या स्वयंपाकघरातलं पाणी भरलं आणि शेताकडे चालू लागली. सौ.ने दुसरी बादली घेतली. मेव्हण्याने पिंप उचललं. तात्पर्य, ताईच्या शेतात पाणी शब्द दिल्याप्रमाणे रविवारीच पोचलं.
निम्मी तरी रोपं वाचतील का, हे तिला विचारायचं धाडस झालं नाही.
बादली उरली नव्हती, म्हणून सौ.ने माझ्या हातात दुधाचं पातेलं दिलं. ते घेऊन पाण्यात उतरलो. ओट्यापासून दारापर्यंत चालून पाहिलं.
गुडघाभर. सगळीकडे एकसारखं.