उष्टा घास

सोमवार
नातीच्या प्रयोगशाळेत पोचले, तर आधी टपकली ती तिथल्या पहारेकऱ्याची बायको. माझं बोचकं उतरायच्या आत तिनं सांगून टाकलं, की तुमच्या नातीचे तुडतुडे मरतात, आणि साहेब लोक तिला घालवणार. मग साहेबच आले, तिघं. शुक्रवारी पुन्हा बघू म्हणाले, किडे जगले तर नोकरी राहील. मी म्हटलं, जगतील की! माझी नात ती. एवढीशी होती तेव्हा माझ्या हातूनच जेवायची, आता पांढरा कोट घालून फिरते.

मंगळवार
आज तिनं सगळं दाखवलं. तुडतुडे रोगट पानाचा रस पितात आणि पिवळा रोग शेतभर वाटत फिरतात, त्या पहारेकरणीसारखे. तो कसा वाटतात हे कळायला त्यांना पानाशिवाय वाढवायचंय. म्हणून बांगडीएवढ्या कड्यावर पातळ पापुद्रा ताणून आत गोड पाणी भरते. मेले सोंड टोचतात आणि सोडून देतात. ती फोनवर गेली तेव्हा मी बोट बुडवून चाखलं. बाळाचा घास आपण आधी चाखतोच ना! नुसतं गुळमट. तेच बोट पुन्हा आत फिरवलं.

बुधवार
प्यायले! पापुद्रा काळा होईस्तोवर चिकटून बसले. नातीनं मला गरागरा फिरवलं. चाखल्याचं सांगितलं तर आधी रागावली, मग म्हणाली, "आजी, अजून एकदा चाखतेस?" चाखलं, त्यात काय. जिभेला मुंग्या आल्यात जरा. न चाखलेल्या कड्याला ते शिवले नाहीत. लाडोबा कुठले.

गुरुवार
जेवणाला चव नाही. आरशात पाहिलं. जीभ पिवळी, कडा आत वळलेल्या, मधे हिरव्या शिरा. तिच्या रोगट पानासारखी. नात रडली, आता तोंड लावायचं नाही म्हणाली. मी बसते त्या बाजूची पिंजऱ्याची जाळी किड्यांनी काळी होते. उठून दुसरीकडे बसले, तर तीही—

शुक्रवार
आवाज गेला. किडे मात्र पीत होते. मी तर चाखलं नव्हतं— नातीला खुणेनं विचारलं. तोंड उघडेना. मग उघडलं.
पिवळी.
साहेब आले. खूश. पिंजरे गाडीत चढवले, गावोगावच्या प्रयोगशाळांना देणार. नेऊ नका, असं मी कागदावर लिहून दाखवलं. आजीबाईंचं अक्षर लागत नाही म्हणून हसले. नात काही बोलली नाही. बोलता येत नव्हतं, की—
थोरल्या साहेबानं जाताना कड्यातल्या पाण्यात बोट बुडवून चाखलं—
पुन्हा येतो म्हणाले. सोमवारी. घरच्यांनाही चाखायला घेऊन—