स्टेपनी गोठ्यात होती

बन्सी,

आई गेली. दवाखान्यापर्यंत पोचलोच न्हाई. धारूरच्या घाटात मागचं चाक बसलं आणि डिकीत स्टेपनी नव्हती. सोमवारी कीर्तनाला जाताना पखवाज मावेना, म्हणून मीच ती काढून गोठ्यात ठेवली होती.

आता दूधवाल्याच्या फटफटीवर स्टेपनी न्यायला आलोय; तू घरी न्हाईस म्हणून चिठ्ठी ठेवतोय. तुझी वहिनी आईपाशी बसून हाय. आईला आपल्याच गाडीतून आणतो.

टँकर आला की आंघोळीला चार घागरी धरून ठेव. देवळातलं कीर्तन थांबवू नका म्हणावं.

जुनी गाडी आपल्या गळ्यात मारली म्हणून सोसायटीच्या आश्रुबा सेक्रेटरींशी भांडू नकोस. टायर चांगलं होतं, बाभळीचा काटा निघाला.

अण्णा शेतातून आल्यावर विचारतील, उशीर कावून झाला. स्टेपनीचं तू काही बोलू नकोस. मी आल्यावर सांगतो.

दादा