उभ्या उभ्या उतरणारी बॅटरी

बाबा,

नवी बॅटरी आणायला जाऊ नका. दोन बॅटऱ्या झाल्या, अल्टरनेटरही बदलून झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी देणं आता पुरे. मेकॅनिककाकांना विचारलं, तर म्हणाले, "तुझे बाबा एवढंच सांगतात, उभ्या उभ्या उतरते. मी तरी काय करू?"

म्हणून काल दिवसभर मी गाडी तपासली. सगळं बंद करून बॅटरीच्या तारेत मीटर लावला आणि एकेक फ्यूज काढून बघितला. बंद गाडीनं जेवढा करंट खावा तेवढाच ती खातेय. बिघाड काहीच नाही.

संध्याकाळी तुम्ही "पाय मोकळे करून येतो" म्हणालात. मी खिडकीतून पाहिलं, तर दोन तास गाडीतच बसला होतात. इंजिन बंद, रेडिओ चालू, आणि शेजारची सीट आई होती तेव्हा रेलायची तेवढीच मागे. मी खाली आले नाही. यायला हवं होतं का, ते मोजायला माझ्याकडे मीटर नव्हता.

मी बसनं निघतेय. बॅटरी चार्जरला लावली आहे, दुपारी काढा. अधूनमधून गाडी लांबवर फिरवून आणा, म्हणजे ती भरलेली राहील. आईची सीट मी हलवलेली नाही.

रोज संध्याकाळी साडेसातला फोन करीन. गाडीत असलात तर तिथेच उचला. रेडिओ बंद करू नका, मलाही ऐकू द्या.