आईंच्या खोलीतलं गॅरेज

एलिशा,

तुझ्या आईचं विमान आज चारला लोदच्या विमानतळावर उतरतंय, आणि तू सकाळीच कार्ब्युरेटर शोधायला भंगारवाल्याकडे गेलास. पेसाखच्या सणापर्यंत गाडी रस्त्यावर आणतो म्हणाला होतास. तिचं इंजिन अजून आईंच्या खोलीत बाकावर उघडं पडलंय. म्हणून मी बसनेच त्यांना आणायला निघालेय.

ग्राइंडर, तेलाचे डबे, सगळं खोलीबाहेर काढ. फरशी आधी रॉकेलने पूस, मग साबणाने धू. खाट शेजारी गर्शोनकडे ठेवलीय, ती आण. भिंतीला आणखी भोकं पाडू नकोस.

गेलं वर्षभर मी त्यांना पत्रांतून कळवतेय, एलिशा तुमची खोली स्वतःच्या हाताने करतोय म्हणून. आम्ही पोचायच्या आत तेवढं खरं करून ठेव.

पनिना